धूपछांव: सहा फळ्यांची नोंदवही

१८ ऑक्टोबर २०२४, नाशिक

नवी वही उघडली. कारण जुनंच आहे.

मे महिन्यात एका जोडप्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं पोर्ट्रेट करून दिलं. काकांचा फेटा जमला, काकूंचे डोळे जमले, मांडीवर ठेवलेले हात तर मलाच आवडले. पैठणी तेवढी फसली. चित्र बघायला आलेल्या त्यांच्या जाऊबाई दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साडी रेक्झिनची वाटते हो." सगळे हसले, मीही हसले. रात्री झोप लागली नाही, कारण बाई खरं बोलल्या होत्या.

मी काय केलं होतं? साडी जांभळी धरली. उजेडात फिकी जांभळी, सावलीत गडद जांभळी. कॉलेजात पहिल्या वर्षी हेच शिकवतात, आणि मडकं रंगवायला ते पुरतं. पण ती साडी निरीच्या माथ्यावर गुलाबी होती आणि पोटात हिरवी. जांभळा तिच्यात कुठेच नव्हता.

म्हणून सहा चित्रं करायची. बाई नाही, मोर नाही, कोयरी नाही, नारळी काठ नाही. फक्त पैठणीचं अंग, म्हणजे काठपदर सोडून मधे उरतं ते साधं रेशीम. मोर रंगवणारे पुष्कळ आहेत आणि ते विकलेही जातात. मला तो रंग बदलतो कसा एवढंच बघायचंय.

जुन्या रंगनावांची यादी भिंतीला लावली: पासिला (लाल-गुलाबी नि हिरवा), सांप्रुस (हिरवा नि लाल), मिरानी (काळा नि लाल), काळी चंद्रकळा (काळं अंग, लाल काठ). दुकानात आता यातल्या दुरंगी साड्यांना मिळून 'डबल शेड' म्हणतात. रंग असा बदलत राहण्याचं जुनं नाव धूपछांव.

२३ ऑक्टोबर

पासिलाचा पहिला प्रयोग. क्विनाक्रिडोन गुलाबी आणि व्हिरिडियन हिरवा पॅलेटवर कालवले. चिखल झाला. होणारच होता, तरी एकदा स्वतःच्या हाताने करून बघितला. मग एक रंग वाळवून त्यावर दुसऱ्याचा पातळ थर दिला. चिखल जरा श्रीमंत दिसायला लागला इतकंच.

२७ ऑक्टोबर

रंग कालवायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे. बारीक उभ्या रेघा, एक गुलाबी, एक हिरवी. दहा फुटांवरून छान करडा-गुलाबी धूसरपणा येतो. पण तो जिथून बघाल तिथून तोच. कापड असं बसून राहत नाही.

रेघा मारता मारता शेव्रल आठवला. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत तो रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगाईत खोट नव्हती, शेजारचे रंग काळ्याला बिघडवत होते. त्यावर त्याने १८३९ साली पुस्तक काढलं, आणि पुढे चित्रकार मंडळी ते पाठ करत बसली. आम्हाला हा रंगसिद्धांत चित्रकलेचा म्हणून शिकवला गेला. मुळात ती विणकरांच्या गिऱ्हाइकांची कटकट होती, हे वर्गात कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

आज चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. नागपूरचा जन्म, २ नोव्हेंबर १९२४. फराळाचं ताट बाजूला सारून त्यांच्या चित्रांचा कॅटलॉग उघडला. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, खरवडायचे, परत चढवायचे. त्यांच्या चित्रात उजेड मागून, थरांच्या आतून येतो. मला हवाय तो पृष्ठभागावरून घसरणारा उजेड. म्हणजे त्यांची वाट माझ्या कामाची नाही. हे कळायलाही तास गेला. चकल्या संपल्या.

६ नोव्हेंबर, येवला

निफाड, विंचूर करत सकाळच्या एसटीने गेले. ओळखीतून एका विणकर कुटुंबाकडे बसायची परवानगी मिळाली होती. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई लागते, त्यामुळे माग थांबवणार नाही, असं फोनवरच बजावलं होतं. मला तेच हवं होतं.

माग घरातच, पुढच्या खोलीत. खिडकी डाव्या हाताला. पदराचं काम चालू होतं, त्यावर दोरीने खाली ओढलेला एक एलईडी बल्ब. काका पावडी दाबतात, ताण्याचे म्हणजे उभे धागे दुभंगतात, मग कांड्या. पदरातल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, तेवढ्याच जागेत पुढे जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. उलट बाजूला धागे लोंबत नाहीत, म्हणून खरी पैठणी दोन्हीकडून सारखी. मग हात्या ओढून फणीने धागा ठोकायचा. माझ्यासमोर तीन तासांत पदर दीड बोट पुढे गेला. तेवढ्या वेळात काकूंनी दोनदा चहा केला.

शेजारच्या मागावर अंगाचं काम होतं. ताणा किरमिजी, बाणा (आडवे धागे) हिरवा. तिथे धोटा सपासप चालतो, बघायला खास काही नाही. मी मात्र तिथेच अडकले. बसून बघितलं तर कापड हिरवट. उभी राहिले तर लाल. खिडकीकडे सरकले तर आणखी तिसरंच.

मी फोन काढून फोटो घेतला. काका मागावरूनच म्हणाले, "ताई, नाही यायचं ते."

खरंच नव्हतं आलं. फोटोत सरळ तपकिरी कापड.

"आम्ही फोटो पाठवतच नाही आता. एकदा पाठवला. गिऱ्हाईक म्हणे फोटोत चॉकलेटी होती, ही तर हिरवी आली. साडी परत. आता पोराला सांगतो, व्हिडिओ काढ, आणि काढताना साडी हलव. निऱ्या घालून हलव."

"आणि काका, तुम्ही स्वतः ओळखता कशी, धूपछांव बरोबर आली की नाही?"

"हातावर घ्यायची आणि मूठ मिटायची." त्यांनी तयार कापडाची कड मुठीत धरून दाखवली. "वर एक, खाली एक, असं दिसलं पाहिजे. सपाट धरून काय कळणार?"

निघताना माळ्यावरून मोडकी फणी काढून दिली, दात वाकलेली. "चित्राला काय कामाची?" म्हणाले. काकू आतून ओरडल्या, "डोक्याला लावू नका म्हणावं!" एवढी अवजड फणी एसटीत मांडीवर घेऊन आले.

७ नोव्हेंबर

काकांकडून वीतभर चिंधी आणली होती. खोलीत अंधार करून टॉर्चने बघितली. आजचा दिवस या कामातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

रेशमाचा धागा म्हणजे बारीक, चकचकीत नळी. नळी चमकते ती आडव्या अंगाने, लांबीच्या दिशेने नाही. चिंधी भिंतीला लावली, ताणा उभा. टॉर्च डावीकडून, डोळ्याच्या उंचीवर धरला की उभे धागे पेटतात: किरमिजी. तोच टॉर्च डोक्यावरून खाली धरला की आडवे धागे पेटतात: हिरवा. कापड जागचं हललेलं नाही, मीही नाही. फक्त उजेड खिडकीतून यायचा तो छतातून आला.

येवल्याची खिडकी डावीकडे आणि बल्ब वर होता, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

दुसरं. खांद्यावरून मागे सोडलेल्या पदरात ताणा उभा लोंबतो, जर बाण्यात असते म्हणून ती आडवी. मांडवातले दिवे वरून येतात, पदर झळाळतो. तीच साडी पायाशी बघितली तर तिथे कापड आडवं गुंडाळलेलं, म्हणजे काठातली जर उभी. तिला वरचा दिवा फारसा मानवत नाही, बाजूचा हवा. लग्नाच्या फोटोंत पदर इतका उजळ आणि पायाशी काठ इतका मवाळ का, ते आज कळलं. पोर्ट्रेटमध्ये मी दोन्हीकडे सारखाच पिवळा लावला होता. रेक्झिनच ते.

मग चित्राला काय लागू होतं? सपाट रंगाला दिशा नसते. दिशा हवी तर रंगाला उंचवटा हवा. उभे बांध काढायचे, शेतातल्या सरींसारखे, आणि प्रत्येक बांधाच्या डाव्या उतारावर एक रंग, उजव्या उतारावर दुसरा. डावीकडून चालत येणाऱ्याला एक चित्र, उजवीकडून येणाऱ्याला दुसरं, समोर उभं राहिलं की दोन्हींची झटापट.

१४ नोव्हेंबर

फण्यांचा दिवस. रंगात सऱ्या ओढायला काय काय वापरलं: लादी बसवणाऱ्याची दात्यांची थापी (सऱ्या फार मोठ्या, कौलासारखं दिसतं), काटा-चमचा (हसू नये), उवा काढायची लाकडी फणी (दात इतके जवळ की रंग मधे मिटून जातो), येवल्याची फणी (तीच गत, शिवाय वाकडे दात). शेवटी पत्र्याची पट्टी कानशीने कापून घरी केली, दर दीड मिलिमीटरला एक दात. सहा इंचांच्या पट्टीला दोन संध्याकाळी गेल्या.

दीड मिलिमीटर का? शाबूत डोळ्याला एका मीटरवरून साधारण ०.३ मि.मी. अंतर वेगळं ओळखता येतं. म्हणजे दीड मि.मी.च्या सऱ्या पाचेक मीटरवर एकमेकींत मिसळू लागतील, आणि जवळ गेल्यावर सुट्या दिसतील. दोन्ही हवंय. पैठणीतही जवळून धागा दिसतोच की.

२० नोव्हेंबर

मतदान करून आले. बोटाला शाई, नखात किरमिजी.

सऱ्या फसल्या. ट्यूबमधला तैलरंग सकाळी ताठ उभा असतो, दुपारपर्यंत खांदे पाडतो. दुसऱ्या दिवशी नुसत्या लाटा. वरून व्हार्निश दिल्यावर आणखी वाईट. रेशमाची चमक रंगीत असते, कारण उजेड धाग्याच्या आत शिरून रंग घेऊन बाहेर पडतो. व्हार्निशची चमक पांढरी. डाव्या दिव्यात सगळं चित्र बसच्या काचेसारखं. म्हणजे चमक चमकीने दाखवायची नाही. रंग मॅट हवा, आणि बदल उतारांनी घडवायचा.

१ डिसेंबर

मधमाश्यांचं मेण. एक भाग मेण, दोन भाग टर्पेंटाइन. मेण पाण्याच्या भांड्यात वितळवायचं, गॅसपासून दूर नेऊन मगच टर्पेंटाइन घालायचं. थंड झालं की तुपासारखं बसतं. हे तैलरंगात कालवलं की रंग ताठ राहतो आणि वाळल्यावर मॅट. फक्त मेणाचं प्रमाण जास्त झालं तर ताणलेल्या कॅनव्हासवर तडे जाणार. म्हणून कॅनव्हास नऊ मिलिमीटर प्लायवर चिकटवून घेतलं. २४ × ३६ इंचांच्या सहा फळ्या. सुताराने विचारलं, "ताई, कपाटाची दारं का?"

९ डिसेंबर

पासिलाच्या सऱ्या आठ दिवसांत हाताला घट्ट लागतात. आज डावा उतार. रुंद, मऊ ब्रश, रंग जवळजवळ नाहीच, आणि ब्रश फळीला जवळपास समांतर. डावीकडून उजवीकडे ओढला की फक्त डावे उतार रंग उचलतात. जरा दाब वाढला तर ब्रश घळीत जातो आणि मेहनत वाया. श्वास धरून काम. एका फळीला पाच तास.

१३ डिसेंबर

उजवा उतार, हिरवा. झाल्यावर दारापासून चालत गेले.

बदलतंय. गुलाबीतून हिरव्यात, मधे एका पावलापुरतं काहीतरी तिसरं. शेजारच्या वहिनींना बोलावलं, त्यांनी चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे धूपछांव झालं." मी त्यांना कामाचं नाव सांगितलेलं नव्हतं.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात छोटा दिवस. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत येतं. एरवी मी हे ऊन पडदा लावून अडवते, स्टुडिओला उत्तरेचा थंड उजेड हवा म्हणून. आज मुद्दाम येऊ दिलं. सकाळी पासिला हिरवी, दुपारनंतर गुलाबी. मी खुर्चीत बसून होते, चित्र स्वतःच फिरत होतं. काम काही केलं नाही.

४ जानेवारी २०२५

पाचवी फळी पदराची. मोर नाहीत, पण जर हवी.

बाजारातला सोनेरी रंग पहिल्यांदा बाद. समोरून पिवळा, बाजूने शेवाळी. मग खरा सोन्याचा वर्ख, सपाट लावला. काजूकतली दिसायला लागली.

आजोळच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. कुणीतरी हौशीने तिच्या साडीला खरं कापड आणि जर चिकटवली होती, तेव्हा घरोघरी तसं करायचे. लहानपणी मला ती छापलेल्या लक्ष्मीपेक्षा खरी वाटायची. कॉलेजात गेल्यावर तिची लाज वाटायला लागली. आता वाटतं, त्या चिकटवणारीला दिव्याचं गणित ठाऊक होतं. देवघरात समई खाली, बाजूला. छापील पिवळा तिथे मरतो, जर जिवंत राहते.

तर: या फळीवर सऱ्या आडव्या. वर्ख फक्त वरच्या उतारावर, खालच्या उतारावर पिवळी माती आणि उंबर नावाचा मातकट तपकिरी रंग. वरचा दिवा लावला की सोनं, बंद केला की शेणाने सारवलेली भिंत. मला दोन्ही आवडलं.

खऱ्या जरीतही चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा, आत रेशीम असतं. सोनं तसं नावापुरतंच. माझ्या खर्चाच्या हिशेबात मात्र नावापुरतं नाही.

१५ जानेवारी, येवला

संक्रांतीला येवल्याला जायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणून करीला गेले. तरीही माग बंदच, तीन दिवस सगळं गाव गच्चीवर. दोरा आसारीवर गुंडाळलेला. मागावर रेशीम उकलायला जी आसारी, तिचंच नाव, तीच फिरवायची रीत. चक्री आणणारे बाहेरगावचे, म्हणजे माझ्यासारखे.

काकांना फोनवर पासिलाचा फोटो दाखवला. "तपकिरी आहे," म्हणाले. मग स्वतःच हसले. "हां, हां. व्हिडिओ दाखवा." दाखवला. तीनदा बघितला. "उजवीकडचा हिरवा जड झालाय. बाणा जाड पडल्यासारखा." बरोबर होतं. घरी येऊन तो हिरवा खरवडला.

२ फेब्रुवारी

मिरानी. काळा आणि लाल. लालाशेजारी काळा हिरवट दिसतो, शेव्रलची तक्रारपेटी घरीच उघडली. काळ्यात थोडा लाल मिसळून बघितला, म्हणजे शेजाऱ्याला आधीच लाच दिली. आता काळा काळा दिसतो.

लालासाठी अलिझरिन घ्यायचा मोह होतो. मंजिष्ठेच्या मुळाच्या जातीचाच रंग, १८६८ साली जर्मन रसायनतज्ज्ञांनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार केला. पण उन्हात टिकत नाही, आणि ही चित्रं तर उजेडावरच जगणार. क्विनाक्रिडोनच ठेवला. थोडा गोडसर आहे, चालवून घेते.

सांप्रुसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सरळ झाली.

१९ फेब्रुवारी

प्रदर्शनाचं दालन बघून आले. भिंती चांगल्या, मजूर चांगले, दिवे सगळे छतात. म्हणजे उभ्या सऱ्यांच्या चार फळ्या तिथे मुक्या. फक्त पदराची बोलेल. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, सगळ्यांची चित्रं याच दिव्यांत लागतात." ते चुकीचं बोलत नव्हते.

उपाय: चार उभे स्टँड माझेच, दिवा डोळ्याच्या उंचीवर, डावीकडून. वायरींवर लोक अडखळू नयेत म्हणून टेप. आणि एक फळी, काळी चंद्रकळा, खिडकीसमोर लावायची. तिला दिवाच नको. संध्याकाळी सहानंतर ती दिसणार नाही. पत्रिकेवर तसं छापायचं का यावर घरात वाद झाला. छापणार.

९ मार्च

नाशिकचं ऊन आलं. दोन फळ्या ट्रायल म्हणून दालनात नेल्या, बबल रॅपमध्ये गुंडाळून, दुपारी, डिकीत. मेण वितळलं नाही, पण मऊ पडलं. रॅप काढला तर मिरानीवर ओळीने गोल ठसे, चवलीएवढे. सऱ्या जागोजाग दबलेल्या. दहा आठवड्यांचं काम आणि वर फुग्यांची नक्षी. फुटपाथवर बसून पाणी प्यायले.

सहाशे चौरस इंचांवर ठसे आहेत. तेवढ्यावर फणी पुन्हा ओढता येईल, पण जोड दिसणार. काकांना फोन केला, सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यात धागा तुटला तर गाठ मारतो आणि पुढे जातो. गाठ उलट्या बाजूला घ्यायची." चित्राला उलटी बाजू नाही काका, म्हटलं. "मग दिसू द्या," म्हणाले आणि कुणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

१३ मार्च, होळी

मिरानी दुरुस्त केली. जोड डाव्या उजेडात दिसतो, उजव्या उजेडात नाही. दिवा उजवीकडे ठेवणार.

फळ्यांना कडेला लाकडी पट्ट्या ठोकल्या. आता वरचा पुठ्ठा रंगाला टेकत नाही. बबल रॅप वहिनींच्या मुलांना फोडायला दिला. उद्या धुळवड, टेम्पोवाला येत नाही. परवा पहाटे साडेचारला सांगितलाय, ऊन चढायच्या आत.